कॅमेऱ्याखालची हातभर जागा

मोबाईलच्या पडद्यावर मेडशीच्या घराची खोली रिकामी होती, आणि त्या रिकाम्या खोलीत चित्राच्या खालच्या कडेतून एक हात आला. नुसता हात, कोपरापर्यंत. मागे ना खांदा, ना तोंड. हातानं जर्मनची ताटली फरशीवर ठेवली, बोटांनी जरा पुढे लोटली, आणि कासवानं मान आत घ्यावी तसा तो पुन्हा कडेखाली गेला. ताटली तेवढी मागे राहिली. वाशीमला पाटणी चौकामागच्या गल्लीत, स्वतःच्या दुकानात स्टुलावर बसलेल्या रत्नमालाची सोल्डरिंगची कांडी हातातच थांबली. मनगटावरचं गोंदण तिनं ओळखलं होतं. पूर्वी तो विंचू होता. आता नांगी कुठली आणि पाय कुठले ते कळू नये असा निळसर डाग उरला होता. ताटलीत भाकरीचा चतकोर आणि मिरचीचं देठ असणार. एवढ्याशा पडद्यावर देठ दिसणं शक्य नव्हतं, पण माय मिरची खाऊन देठ ताटलीच्या कडेला ठेवते हे पाहायला कॅमेरा कशाला लागतो? पहिल्यांदा रत्नमालाला हसूच आलं. मग ते हसू ओठांवर अडकलं, उंबऱ्यात थांबलेल्या पाहुण्यासारखं. आत यावं की परत जावं ते न कळून.

कारण सकाळीच पुण्याहून सतीशचा, धाकट्या भावाचा, फोन येऊन गेला होता. "ताई, दोनच गोष्टी हायेत," तो म्हणाला होता, "एक तर कॅमेरा बिघडला, नाही तर माय बिघडली." दुपार झाली की माय खोलीतून गायब होते. दारातून बाहेर गेलेली दिसत नाही, खाटेवर नाही, कुठंच नाही. ऊन उतरायच्या वेळी कुठून तरी उगवते आणि झाडू घेऊन खोली झाडायला लागते. जेवताना तर ती त्याला कित्येक आठवड्यांत दिसलेली नाही. फोनवर विचारलं तर म्हणते, जेवली ना बापा, पोटभर जेवली. "खोटं बोलून राह्यली ताई थे. इथं आमच्या सोसायटीत एका काकूचं असंच झालं. आधी जेवण इसरली, मंग घर इसरली." आणि मग, आवाज खाली आणून, "मी येत्या रविवारी गाडी घेऊन येतो. घेऊनच जातो तिले. आता एकटं ठेवण्यात मतलब नाही." रत्नमाला म्हणाली होती, थांब, मी आधी कॅमेरा पाहते. धंद्यातल्या माणसानं म्हणावं तसं म्हणाली होती. बिघाड शोधायची रीत सोपी असते, एकेक गोष्ट बाजूला काढत जायची. वायर बदलून पाहा, अॅडॉप्टर बदलून पाहा, कॅमेरा दुसऱ्या तोंडाला जोडून पाहा. जे बदलल्यावर चित्र येतं तेच नासलेलं. मायच्या बाबतीत काय बदलून पाहायचं? सतीशनं ठरवलं होतं, घर बदलून पाहायचं.

आणि आता तो हात. त्या हातानं सगळं सांगून टाकलं होतं. माय कुठंही जात नव्हती. ती कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ लावून बसत होती. स्वयंपाकघराचं दार त्याच भिंतीत होतं, म्हणजे ताटली घेऊन भिंतीच्या कडेकडेनं येऊन ती तिथं टेकली की कॅमेऱ्याच्या लेखी ती नाहीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं प्रत्येक कॅमेऱ्याच्या पायाशी हातभर आंधळी जागा राहते. गिऱ्हाइकाला रत्नमाला हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून भांडण नको. सतीशला सांगितलं नव्हतं. घरच्या माणसाला कोण सांगतं? आता एक फोन लावायचा, म्हणायचं, अरे येड्या, माय खालीच बसून राह्यली, आणि संपलं. तिनं नंबर काढलासुद्धा. पण अंगठा बटणावर गेला नाही. हे सांगितल्यावर सतीश पुढचं वाक्य काय बोलेल तेही तिला ठाऊक होतं: मंग ताई, थे जागा दिसन असा कॅमेरा लाव ना. तसा कॅमेरा होता. मागच्या फळीवरच होता, छताच्या मधोमध चिकटवायचा, भाकरीएवढा गोल, खोलीचे चारही कोपरे एका ताटात वाढणारा. तो लावला तर माय घरी राहील, पण घरात तिला हातभरसुद्धा जागा राहणार नाही. नाही लावला तर सतीश तिला घेऊन जाईल. रत्नमालानं कांडी स्टँडवर ठेवली. मागच्या फळीवरच्या मॉनिटरवर दुकानाचा नमुन्याचा कॅमेरा चालू होता, आणि त्यात एक बाई पाठमोरी बसलेली दिसत होती, भांग रुंद झालेला, मान खाली. रोज पाहूनही ती बाई कोण हे कळायला तिला क्षणभर लागायचंच. गिऱ्हाईक नसलं तरी ती बाई ताठ बसायची.

दुकान तसं नवऱ्याचं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग छतावरच्या छत्र्या, मग हे कॅमेरे. त्याच्या कंबरेनं शिडी सोडली तेव्हा रत्नमाला शिडीवर चढली, आणि वर गेल्यावर काय करायचं ते वरच शिकली. लोक शिडी धरायचे आणि तोंड दुसरीकडे करायचे. आता कुणी तोंड फिरवत नाही, वय झालं की शिडीवरची बाई नुसती मेकॅनिक होते. दसऱ्याला हे दोघं विहारात जायचे, पांढरे कपडे घालून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन: "बाई, कॅमेऱ्यात सगळं लाल दिसून राह्यलं." लोकांनी ट्रॅक्टरला, मोटारपंपाला, काट्याला हळदकुंकू लावता लावता कॅमेऱ्यालाही लावलेलं असे, आणि लावायचं तर कपाळाला म्हणून नेमकं काचेवर. ती ओलं फडकं घेऊन गावोगाव जायची. किन्हीराजाच्या गोविंदसिंगच्या गोदामातला कॅमेरा दिवसा झकास चालायचा आणि अंधार पडला की आंधळा व्हायचा. कुणीतरी करणी केली असं त्यानं धरून ठेवलं होतं. लांबच लांब बारीक वायर ओढलेली, रात्री कॅमेऱ्यातले न दिसणारे दिवे पेटले की वीज पुरायची नाही, एवढंच होतं. "अंधारात पाहाले जास्त ताकद लागते, भाऊ," तिनं त्याला सांगितलं होतं, आणि मग घरी येईस्तोवर स्वतःच्या त्या वाक्याकडे संशयानं पाहत राहिली होती. नवा कॅमेरा घ्यायला आलेला माणूस पहिल्यांदा किती मेगापिक्सेल ते विचारतो. रत्नमाला त्याला खुर्ची देते आणि उलट विचारते, "काय पाहायचं हाय?" माणूस गोंधळतो. म्हणतो, सगळं. सगळं पाहणारा कॅमेरा भेटत नाही. रुंद डोळ्याचा घेतला तर सगळं दिसतं पण तोंड ओळखू येत नाही. लांब पाहणारा घेतला तर फाटकावरच्या माणसाची मिशी दिसते आणि बाजूनं बैल गेला तरी कळत नाही. आधी काय पाहायचं ते ठरवा, मग बाकीचं मी सांगते. गावोगावच्या माणसांना तिनं हा प्रश्न विचारला होता. मेडशीच्या घरात विचारला नव्हता.

दुकान नवऱ्यावर सोपवून, तो भाकरीएवढा कॅमेरा पिशवीत टाकून ती अकोला गाडीत बसली. मालेगावला अर्धी गाडी रिकामी झाली आणि खिडकी मिळाली. सोयाबीन निघून गेलेली वावरं उघडी पडली होती, मधे मधे तुरी पिवळ्या फुलांवर आलेल्या. गेल्या पावसाळ्यात याच वाटेनं ती धावतपळत गेली होती. माय अंगणातल्या न्हाणीत पाय घसरून पडली होती आणि कितीतरी वेळ तिथंच, ओल्या दगडावर. समोरची गोजराबाई विरजण मागायला आली म्हणून कळलं. हाड मोडलं नव्हतं. पण सतीशचं काहीतरी मोडलं होतं. तो पुण्याहून आला, मायच्या उशाशी बसला, आणि मोठा झालेला तो माणूस वाकून मायच्या पायाचे तळवे चोळत राहिला. त्याच आठवड्यात रत्नमालानं कॅमेरा लावला. दार दिसलं पाहिजे, खाट दिसली पाहिजे, अशी भिंत निवडली. दुकानात लावतात तसा. तिजोरीच्या जागी खाट. आता गाडीच्या खिडकीला डोकं टेकवल्यावर तिच्या ध्यानात आलं की माय न्हाणीत पडली होती, आणि कॅमेरा त्यांनी खोलीत लावला. न्हाणीत कुणी कॅमेरा लावत नाही हे खरं. पण मग खोलीत तरी काय पाहत होती ती दोघं भावंडं?

तिनं डोळे मिटले तर मोबाईलवर पाहिलेली माय एकामागून एक यायला लागली. झाडताना, देवमनच्या, म्हणजे बाबांच्या फोटोवरची धूळ पुसताना, दारात उभी राहून कुणाशी बोलताना. प्रत्येक वेळी डोक्यावर पदर. कपाळापर्यंत ओढलेला, कानामागे खोचलेला. रत्नमालाला ते आवडलंच होतं. वाटलं होतं, वय झालं की बाई सोज्वळ होते. पण मायच्या डोक्यावर पदर कधी होता? आठवण काढून पाहिली तर पदर कमरेला खोचलेलाच सापडत होता. सोयाबीन सोंगताना, भर उन्हात, डोकं उघडं, केस पाठीवर सुटलेले, आणि बाबा बांधावरून म्हणतायत, बेबी, ऊन लागन वं. सत्तरी ओलांडली तरी अख्खं मेडशी तिला बेबीताईच म्हणत आलेलं. पदर घेतलेली माय रत्नमालानं नीट अशी एकदाच पाहिली होती, सतीशचे सासरे घर पाहायला आले त्या दिवशी. इवाई म्हणजे व्याही, मोठा मान. इवायासमोर इहीणबाईनं खाटेवर बसू नये, पाय लांब करू नयेत, त्याच्या देखत जेवू नये. माय भिंतीशी गुडघे मुडपून बसली होती, पदर नाकापर्यंत, आणि बोलणी लांबत लांबत दिवे लागायची वेळ आली. पाहुणे फाटकाबाहेर गेले तशी ती तिथंच फरशीवर आडवी झाली, पदर एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि छताकडे पाहून म्हणाली, "बापा रे, आता माये पाय मले वापस भेटले." सगळे हसले होते. सतीश सगळ्यात जास्त हसला होता.

फाट्यावर उतरून ती गावात आली तेव्हा ऊन अजून ओसरीत होतं. दार नुसतं लोटलेलं. तिनं ढकललं आणि खोलीत पाऊल टाकलं, तर समोरच्या भिंतीशी माय. पाठ भिंतीला, डोकं उघडं, पांढरे केस मोकळे, आणि दोन्ही पाय समोर सरळ लांब केलेले, जुन्या दोन लाकडांसारखे. चाहूल लागताच पाय झटकन आत गेले आणि हात पदराकडे. मग तिनं नीट पाहिलं.

"तू होय? मले वाटलं कोन आलं." पाय पुन्हा बाहेर आले, जरा दमानं. "अशी काहून आली फोन न करता? घरी बरं हाय ना? जावईबापूची कंबर?"

"सगळं बरं हाय. तुयाच कॅमेऱ्यासाठी आली. सतीश म्हंते, बिघडला."

"त्याले काय झालं? चांगला तर हाय. लाल लाइट लागते रोज." मायनं मान वर करून डोक्यावरच्या कॅमेऱ्याच्या बुडाकडे पाहिलं, शेजारणीच्या पोरानं दंगा केला नाही हे सांगावं तशी.

रत्नमाला चपला काढून आत आली. मधली फरशी ओलांडताना, आता आपण दिसतोय, आता दिसतोय, असं तिला प्रत्येक पावलाला वाटलं, आणि भिंतीपाशी पोचून मायच्या शेजारी टेकल्यावर ते वाटणं गळून पडलं. पंख्याचा वारा इथंच येत होता. फरशी गार होती आणि मायच्या बसण्यानं एके ठिकाणी गुळगुळीत झाल्यासारखी. मायच्या गुडघ्यांतून एरंडेल तेलाचा वास येत होता. इथून खोली वेगळीच दिसायची. खाट, तिच्यावरची न विस्कटलेली सतरंजी, वर बुद्ध आणि बाबासाहेब, बाजूला बाबांचा फोटो, टिनाची पेटी, दार, दारातून अंगण, अंगणापलीकडे न्हाणीचं निळं पत्र्याचं दार. म्हणजे कॅमेऱ्याला दिसतं तेच, पण बसून पाहिलेलं.

"माय, तू अथीच बसतं का रोज? जेवतंही अथीच?"

"मंग कुठी बसू? सैपाकघरात सोयाबीनचे पोते हायेत. तथी पाय मुडपूनच बसा लागते. आन माये गुडघे आता सरकारी दारावानी झाले, एकदा लागले की उघडत नाहीत."

"खाट हाय ना. खाटीवर बस, पाय लांब कर, मस्त जेव."

मायनं गुडघा चोळला. मग पदराच्या टोकानं तोंड पुसून, हळूच, वर कॅमेऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "इवायासमोर?"

रत्नमालाला पहिल्यांदा कळलंच नाही. खोलीत त्या दोघी सोडून कुणी नव्हतं. मग मायनं सांगितलं, तेही काही विशेष नसल्यासारखं. दिवाळीत सतीशच्या घरून फोन आला होता, त्याचे सासरे आलेले होते तिथं, आणि ते फोनवर म्हणाले, इहीनबाई, तुमचं घर पाह्यलं मोबाईलमंदी, मोठं साजरं ठेवता तुमी. एवढंच. मोठ्या मानानं म्हणाले. तेव्हापासून माय खाटेवर बसली नव्हती. दिवसा आडवी झाली नव्हती. खोलीतून जायचं तर पदर घेऊन, नीट पावलं टाकत. जेवायचं तर भिंतीखाली. "थे मानूस केव्हा मोबाईल काढन आन पाहीन, आपल्याले काय मालूम? रिटायर मानूस हाय. त्याले दुसरं काम काय?"

"आन हे जागा दिसत नाही, हे तुले कोनं सांगतलं?"

"तूच तर." मायच्या डोळ्यांत जुनी मिस्कील बाई क्षणभर येऊन गेली. "लावला तवा तू मले मोबाईल दाखवला. म्हने, पाह्य माय, खोली कशी साजरी दिसून राह्यली. मी शिडी धरून अथीच तर उभी होतो. मोबाईलमंदी खाट होती, पेटी होती, तुया बाप होता फोटोत. मीच नव्हतो. मी म्हटलं, बरं हाय. तुया कॅमेरा लय शिकेल हाय रत्ना, पन आपल्या पायापाशी कोन बसलं थे त्याले समजत नाही."

म्हणजे दिवाळीपासून. रत्नमाला हिशेब करायला गेली आणि तिनं तो सोडून दिला. इतके दिवस माय रोज, दिवे लागेपर्यंत, पुन्हा त्या पहिल्या भेटीच्या दिवशी बसली होती तशी वावरत होती, आणि पाहुणे उठतच नव्हते. आणि ती, लेक, दुकानात बसून अधूनमधून मोबाईल उघडून पाहत होती, माय कशी नीटनेटकी दिसते म्हणून समाधानानं बंद करत होती. तिला दुकानातल्या मॉनिटरवरची ताठ बसलेली पाठमोरी बाई आठवली. तिचे पाय कुठं असतात? स्टुलाच्या दांडीवर, एकावर एक दुमडलेले. गेल्या कित्येक वर्षांत तिनं दुकानात पाय लांब केल्याचं तिला आठवेना. घरी तरी कुठं? तिनं आपले पाय पाहिले, आणि कुणाची परवानगी घ्यावी तसं आजूबाजूला पाहून ते मायच्या पायांशेजारी सरळ केले. गुडघ्यांत काहीतरी कडकन वाजलं. माय म्हणाली, "तुये तर मायाहून म्हातारे हायेत."

तेवढ्यात फोन वाजला. सतीश. "ताई, पोचली का? आता तुया आवाज येऊन राह्यला आन तूही दिसून नाही राह्यली. ताटली हाय तेवढी."

"पोचली. मायजवळच हाय. कॅमेऱ्याच्या खाली बसेल हावो दोघी."

मग रत्नमालानं सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं, इवायासकट. सतीश पहिल्यांदा हसला, मोठ्यानं, त्या जुन्या संध्याकाळसारखा, आणि हसता हसता मधेच थांबला. "अरे पण त्यायले मी एक डाव दाखवलं होतं, बस. माया मोबाईलवर. त्यायच्याजवळ नाही हाय ते. सांग ना मायले."

रत्नमालानं फोनवर हात ठेवून मायला सांगितलं. इवायाच्या मोबाईलमंदी काही नाही. त्यानं एकदाच पाहिलं, दिवाळीत. मायनं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि विचार करून म्हणाली, "नसन. पन पाहू तर शकते ना? सतीश त्याचा जवाई, म्हंजे घरचाच मानूस, मोबाईल मांगतला तर नाही कसा म्हनन?" पिशवीतल्या भाकरीएवढ्या कॅमेऱ्याचा खोका रत्नमालाच्या मांडीला लागत होता. पाहत नाही, पण पाहू शकतो. इतक्या वर्षांत इतके कॅमेरे लावून, खोक्यावरची सगळी माहिती तोंडपाठ होऊनही, आपण नेमकं काय विकतो ते तिला असं कुणी सांगितलं नव्हतं.

"सतीश," ती म्हणाली, "तुले काय पाहायचं हाय?"

"म्हंजे?"

"गिऱ्हाइकाले विचारतो तसं विचारून राह्यली. रागानं नाही. नीट सांग. तुले काय पाहायचं हाय?"

फोनमध्ये मागे कुणाचा तरी की-बोर्ड वाजत होता. सतीश बोलला तेव्हा आवाज पुण्याचा राहिला नव्हता. "ताई, मले माय कशी बसते, काय खाते, ते नाही पाहायचं. मले असं होते की थे तथी पडून हाय आन मी अथी मीटिंगमंदी हासून राह्यलो. बस तेवढंच नाही पाह्यजे मले."

"न्हाणीत पडली होती थे."

"हाव."

"मंग न्हाणीच्या दारावर ठेवू डोळा. आत गेली, बाहेर आली. आत गेली आन बाहेर नाही आली, तर गोजरामावशीले फोन कर, मले कर. खोलीत तुयं काय काम हाय?"

तिनं फोन पेटीवर ठेवला. रत्नमाला उठली. शिडी मागच्या भिंतीला होतीच. ती चढली तशी मायनं खालून शिडी धरली, पहिल्यासारखीच, आणि चढणाऱ्या लेकीला पहिल्यासारखंच म्हणाली, जपून वं. चार स्क्रू निघाले, आणि भिंतीवर धुळीचा एक चौकोन राहिला, गेलेल्या कॅलेंडरसारखा. ओसरीच्या छताखाली, पावसाचा थेंब पोचणार नाही अशा कोपऱ्यात, रत्नमालानं तोच कॅमेरा बसवला. घरातल्यासाठी केलेला होता, पण आडोशाला चालून जाईल. धूळ पुसावी लागेल आणि कोळ्याची जाळी काढावी लागतील, एवढंच. त्याचं तोंड तिनं न्हाणीच्या निळ्या दाराकडे आणि फाटकाकडे केलं. मग खाली उतरून मोबाईलमध्ये पाहिलं, पुन्हा चढली, बोटभर वळवला. तार खिडकीच्या फटीतून आत घेतली. माय अंगणात उभी राहून सगळं पाहत होती, पदर घेऊन. गोजराबाई फाटकातून डोकावली, हातात ताकाची कासंडी. "बेबीताई, घर सोडून आता अंगण पाह्यतेत का पोरं?"

"न्हानी पाह्यतेत," माय म्हणाली. "दार पाह्यतेत न्हानीचं. आत नाही पाहत."

"मायी कोंबडी येते तुया अंगणात, थे दिसन?"

"दिसन ना. पुन्यात दिसन. शानी कर तिले, म्हना नीट चाल."

दोघी हसल्या, आणि हसताना मायचा पदर खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. रत्नमालानं तिकडे पाहिलं नाही. स्क्रू मोजत राहिली, सगळे बसलेले होते तरी.

फाट्यावर वाशीमकडे जाणारी गाडी यायला वेळ होता. निवाऱ्यातल्या सिमेंटच्या बाकावर ती बसली, न उघडलेला खोका शेजारी. उद्या तो फळीवर परत जाईल. कुणीतरी येईल, म्हणेल, सगळं पाहायचं हाय, आणि ती त्याला खुर्ची देईल. ऊन तुरीच्या शेंड्यांवर आलं होतं. हातातला फोन वाजला.

"ताई," सतीश म्हणाला, "माय दिसून नाही राह्यली."

"मंग काय दिसून राह्यलं?"

"अंगण. न्हाणीचं दार. कोंबडी हाय एक." तो एकेक मोजत होता. "आन खालच्या कोपऱ्यात पाय. नुसते पाय. उंबऱ्यावरून ओसरीत आलेले."

"कसे हायेत?"

"कसे म्हंजे? लांब केलेले. दारात बसली वाटते आतून."

रत्नमालानं आपला मोबाईल उघडून पाहिलं नाही. डोळ्यांसमोर आलंच होतं. "हालून राह्यले का?"

तिकडे सतीश पाहत असावा, काचेला नाक लावून पाहावं तसा. "एक हालून राह्यला. अंगठा."

"मंग झालं."

"हाव." मग जरा वेळानं, "रविवारी येतो मी. न्याले नाही. असाच येतो."

"ये. मायले सांगून ये, अचानक नको येऊ. पाय आवरा लागतेत तिले."

त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. पातूरकडून येणाऱ्या गाड्यांचे आवाज रस्त्यावरून जात राहिले. रत्नमालानं चपला काढल्या, टाचा समोरच्या मातीत टेकवल्या. तिकडून बऱ्याच वेळानं सतीशचा आवाज आला, लहानपणी गोठ्यात नुकत्याच जन्मलेल्या वासराजवळ बसल्यावर यायचा तसा, हळू:

"ताई, आता दुसरापण हालला."